परतलेल्या पाखराला फांदी नवी वाटते तेव्हा
परदेशात शिकून आलेले नातवंड पुन्हा इथल्या महाविद्यालयात रुजताना घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे?

वाचकहो, एक घर डोळ्यांसमोर आणा. केळापूर तालुक्यातील एक गाव. श्रावण सरत आला आहे, कपाशीला पात्या-फुले धरली आहेत, पोळा चार दिवसांवर आहे. वर्षभर युरोपातील एका विद्यापीठात शिकून आलेली नात अमरावतीच्या वसतिगृहातून सुटीसाठी एस.टी.ने पांढरकवड्याला उतरते आणि तिथून घरी येते. आजीने सकाळपासून ज्वारीच्या भाकरी आणि आंबाडीची भाजी करून ठेवलेली असते. नात दोन घास खाते, ‘छान झालंय’ म्हणते आणि खोलीत जाऊन पडते. संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी भेटायला येतात, तेव्हा ती तोंडदेखले हसते. रात्री दोन वाजता आजीला जाग येते तर खोलीतला दिवा चालूच. सकाळी आजी जवळ बसून विचारते, “काहून वं बाई, इथं मन नाही लागत का तुयं?” नातीच्या डोळ्यांत पाणी येते, पण उत्तर येत नाही.

हे घर काल्पनिक आहे. मात्र असा प्रसंग आता अनेक घरांत घडतो. पूर्वी परदेशी शिक्षण म्हणजे मुंबई-पुण्यातील मोजक्या घरांची गोष्ट होती. आता अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठांचे परस्परांशी देवाणघेवाणीचे करार आहेत, वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर जाणारी मुले आहेत. त्यामुळे तालुक्याच्या गावातूनही मुले सातासमुद्रापार जातात. ती जाताना आपण काळजी करतो. तिकडे त्यांना जमेल का, थंडी सोसेल का, जेवणाचे काय, असे शंभर प्रश्न असतात. ती परत येतात तेव्हा मात्र आपण निश्चिंत होतो. ‘आली एकदाची घरी’ म्हणून सुस्कारा टाकतो. नेमकी इथेच आपली नजर चुकते. अनेकांना जाण्याइतकेच परतणेही जड जाते, आणि त्याची पूर्वकल्पना ना मुलांना असते ना आपल्याला.

धक्का जाण्याचा आणि धक्का परतण्याचा

परक्या देशात गेल्यावर माणूस गोंधळतो, चिडतो, एकाकी होतो. या अवस्थेला ‘सांस्कृतिक धक्का’ म्हणतात. कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 मध्ये या विषयावर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. त्याआधी 1955 मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला होता. आरंभी उत्साह, मग खचणे, मग हळूहळू सावरणे, असा त्या अनुभवाचा आलेख त्यांना दिसला. पुढे 1963 मध्ये गुलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. मायदेशी परतल्यावर हाच आलेख पुन्हा एकदा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. म्हणजे उतार-चढाव एकदा नव्हे, दोनदा होतो.

प्रत्येकाच्या बाबतीत हे असेच घडते असे नाही. काहींना परतल्यावर काहीच त्रास होत नाही, काहींना पहिल्या आठवड्यातच होतो, तर काहींना दोन-तीन महिन्यांनी. तरीही या अभ्यासातून आपल्याला एक मोठा दिलासा मिळतो. परतल्यावर उदास होणे हा कृतघ्नपणा नाही आणि ‘डोक्यात हवा जाणे’ही नाही. ती मनाच्या जुळवून घेण्याच्या क्रियेतील एक ओळखीची पायरी आहे.

परतीचा धक्का अधिक बोचतो, कारण तो अनपेक्षित असतो. परदेशी जाणारा मनाची तयारी करून जातो. घरी येणाऱ्याला वाटते की आपले घर, आपली माणसे, आपले महाविद्यालय, सगळे होते तसेच असेल. प्रत्यक्षात दोन्ही बाजू बदललेल्या असतात. वसतिगृहातील जुने मित्र पुढे निघून गेलेले असतात किंवा त्यांच्या नव्या जोड्या जमलेल्या असतात. तिकडे स्वतः स्वयंपाक करणारी, स्वतःचे पैसे सांभाळणारी, प्राध्यापकांशी बरोबरीने वाद घालणारी मुलगी इथे पुन्हा हजेरीच्या वहीतील एक क्रमांक होते. घरी तिला ‘कुठे चाललीस, केव्हा येशील’ हे प्रश्न नव्याने ऐकावे लागतात. आपण हे प्रेमापोटी विचारतो. तिला मात्र मिळवलेले काहीतरी हातातून निसटल्यासारखे वाटते.

आपल्यापैकी जे मुलाकडे अमेरिकेत किंवा दुबईला सहा महिने राहून आले आहेत, त्यांनी जरा आठवून पाहावे. परतल्यावर पहिले काही दिवस रस्त्यावरचे भोंगे कानाला नकोसे झाले नव्हते का? रांग मोडून पुढे घुसणाऱ्याचा नेहमीपेक्षा अधिक राग आला नव्हता का? आणि सहा महिन्यांत परिचितांपैकी एखादा कायमचा निघून गेल्याचे कळल्यावर, आपण इथे नव्हतो ही खंत मनाला लागली नव्हती का? नातवंडाला होते ते याच जातीचे. फक्त त्याच्या वयात त्याच्या पुढे परीक्षा, नोकरी आणि भवितव्य उभे असते.

आपल्याच इतिहासातील तीन परतणी

या वाटेने आपल्या समाजातील थोर माणसेही गेली आहेत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कोकणातील मुर्डीसारख्या लहान गावातून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि तेथून केंब्रिजला गेले. 1899 मध्ये ते गणितात ‘सीनियर रँग्लर’ झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर ते परतले ते आपल्याच जुन्या महाविद्यालयात. जिथे बाकावर बसून शिकले, तिथेच 1902 मध्ये ते प्राचार्य झाले आणि पुढे दीर्घकाळ त्या संस्थेत रमले. परतणाऱ्याच्या पदरी काम असेल, त्याच्या शिक्षणाला जागा असेल आणि त्याची वाट पाहणारी संस्था असेल, तर मुळे लवकर धरतात, हे या उदाहरणावरून कळते.

दुसरे परतणे याच्या अगदी उलट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, 1916 मध्ये लंडनला गेले आणि 1917 मध्ये करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीसाठी परतले. आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे की, परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ‘आता राहायचे कुठे’ या प्रश्नाने ती परत आली. हिंदू वसतिगृहात जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. पुढे 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हाही त्यांनी प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला.

हा प्रसंग आरोग्याच्या पाक्षिकात का सांगायचा? कारण परतलेल्याची प्रत्येक अस्वस्थता मनाचा आजार नसते. कधी कधी माणूस निरोगी असतो आणि भोवतालची वागणूक आजारी असते. आपले नातवंड गोंड, कोलाम किंवा दलित घरातील असेल आणि परदेशात त्याला प्रथमच केवळ एक विद्यार्थी म्हणून वागणूक मिळाली असेल, तर इथे परतल्यावर आडनावावरून येणारा एखादा शेरा त्याला पूर्वीपेक्षा खोल लागेल. मुलींचेही तसेच. रात्री नऊ वाजता ग्रंथालयातून एकटीने चालत येण्याची सवय झालेल्या मुलीला वसतिगृहाचे सायंकाळी बंद होणारे दार खुपणारच. अशा वेळी ‘सवय करून घे’ एवढेच औषध देऊ नये. तक्रार खरी आहे हे मान्य करावे. महाविद्यालयात भेदभाव प्रतिबंधाची आणि तक्रार निवारणाची व्यवस्था असते. गरज पडल्यास तिच्याकडे जाण्याचे बळ द्यावे.

तिसरे परतणे हुरहूर लावणारे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. त्या मायदेशी आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या देहाने आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. आज आहे आणि शासकीय रुग्णालयात ते मोफत मिळते. सत्कार आणि कौतुक यांच्या गर्दीत परतलेल्या मुलाच्या शरीराकडे पाहायला विसरू नये, हा धडा मात्र जुना झालेला नाही.

आधी शरीर सावरू द्या

आपण मनाविषयी बोलण्याआधी शरीराकडे पाहू, कारण पहिल्या पंधरवड्यातील बरीच चिडचिड शरीरातून येते.

झोप : जर्मनीसारख्या देशाचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. न्यूयॉर्कचे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असते. शरीराचे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने सरकते. म्हणून युरोपातून आलेल्यास चार-पाच दिवस, तर अमेरिकेतून आलेल्यास आठवडा ते दहा दिवस रात्री झोप न येणे आणि दुपारी डोळे मिटणे स्वाभाविक आहे. ‘दहा वाजेपर्यंत लोळत पडते’ असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब करावा. सकाळी उठल्यावर अर्धा तास अंगणात किंवा शेताच्या बांधावर उजेडात घालवला, जेवणे इथल्या वेळेला केली आणि दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवली की घड्याळ लवकर जुळते. दहा-बारा दिवसांनंतरही झोप विसकटलेलीच असेल, तर कारण प्रवासाचे नसून मनाचे असू शकते.

पोट : वर्षभर निराळे पाणी आणि कमी तिखटाचे अन्न खाल्लेल्या पोटावर पहिल्याच दिवशी तर्रीदार रस्सा आणि तळणाचा मारा करू नये. आठवडाभर उकळून गार केलेले पाणी, वरणभात, भाकरी, ताजे ताक, शिजवलेल्या भाज्या पुरेशा आहेत. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी. ताप, रक्त पडणे किंवा लघवी कमी होणे दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

डास आणि ताप : पावसाळ्यात परतलेल्यास डेंग्यू आणि मलेरिया यांचा धोका इथल्या कोणाइतकाच असतो. मच्छरदाणी लावावी, कूलर आणि टाक्यांतील पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करावे. ताप आल्यास रक्ततपासणी होण्याआधी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत.

तपासणी : थंड देशातील लांब हिवाळ्यात ऊन कमी मिळते, त्यामुळे जीवनसत्त्व ड कमी झालेले असू शकते. अंगदुखी आणि थकवा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी, तसेच हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप किंवा वजन घटणे असल्यास क्षयाची तपासणी करावीच.

मनाला जागा द्या

परतलेल्या मुलाला सर्वांत जास्त कशाची उणीव भासत असेल, तर ती ऐकणाऱ्याची. गावातील लोक तीन प्रश्न विचारतात. पगार किती मिळेल, तिकडे खायला काय मिळत होते आणि आता लग्नाचे काय? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यातच त्याला कळून चुकते की आपण जगलेले वर्ष कोणालाही सांगता येणार नाही, आणि तो गप्प होतो.

इथे आजी-आजोबांचे स्थान अमूल्य आहे. आई-वडिलांच्या मनात खर्चाचा आणि भवितव्याचा हिशेब असतो. आपल्याजवळ वेळ असतो. दुपारी शेंगा सोलताना किंवा तुरीचे दाणे काढताना एकच प्रश्न विचारावा. “तिकडे तुझी खोली कशी होती, सकाळी खिडकीतून काय दिसायचे?” मग थांबावे. मध्येच आपली तुलना, आपला उपदेश घालू नये. फोनमधील छायाचित्रे दाखवायला सांगावीत आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारावे. जे मित्र मागे राहिले, त्यांच्या विरहाचे दुःख खरे असते. मृत्यू झालेला नसला, तरी काहीतरी सरलेले असते.

काही वाक्ये टाळावीत. ‘तिकडचं कौतुक पुरे झालं.’ ‘एवढे पैसे घातले ते रडायला का?’ ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’ ही वाक्ये बोलणाऱ्याला साधी वाटतात, ऐकणाऱ्याचे दार मात्र ती बंद करतात. त्याऐवजी आपली एखादी परतण्याची गोष्ट सांगावी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्यावर माहेरच परके वाटले होते, हे किती आजींनी कोणाला सांगितले आहे? फौजेतून किंवा नोकरीवरून निवृत्त होऊन गावी आल्यावर कट्ट्यावरच्या गप्पांत आपले काही उरले नाही असे वाटले होते, हे किती आजोबांनी बोलून दाखवले आहे? ही गोष्ट ऐकली की नातवंडाला कळते की आपण एकटे नाही, आणि घरातील जाणत्या माणसाने ही वाट आधी तुडवली आहे.

स्वातंत्र्याविषयी घरात स्पष्ट बोलणी व्हावीत. आठवड्यातून किती वेळा फोन करायचा, सुटीत केव्हा यायचे, कोणते निर्णय त्याचे त्याने घ्यायचे, हे ठरवून घ्यावे. ज्याने वर्षभर परक्या शहरात स्वतःला सांभाळले, त्याला घरात पुन्हा लहान मूल करू नये. उलट एखादी जबाबदारी सोपवावी. आजोबांच्या औषधांचे वेळापत्रक लिहून देणे, बँकेचे ऑनलाइन काम पाहणे, धाकट्या भावंडाला इंग्रजी शिकवणे, यांपैकी काहीही चालेल. आपली गरज आहे ही भावना मन रुजण्यास फार मदत करते.

महाविद्यालयात पुन्हा रुजताना

खरी कसोटी घरात नव्हे, महाविद्यालयात लागते. तिकडे चर्चा आणि प्रकल्पांवर गुण मिळत. इथे वर्षाच्या शेवटी तीन तासांचा पेपर असतो. तिकडचे श्रेयांक इथे धरले जाणार की नाही, याची टांगती तलवार असते. बाहेरून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना तर पात्रता परीक्षा आणि त्यानंतर इथल्या रुग्णालयातील आंतरवासिता, असा नवा डोंगर चढावा लागतो. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युद्धामुळे युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’द्वारे हजारो भारतीय विद्यार्थी परत आणले गेले. त्यांत महाराष्ट्रातीलही अनेक होते. निरोप न घेता, अभ्यास अर्धवट टाकून परतणे किती कठीण असते, हे त्या घरांना ठाऊक आहे.

अशा वेळी घरच्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली म्हणजे कागदपत्रे. गुणपत्रके, अभ्यासक्रमाचा तपशील, श्रेयांकांची नोंद आणि समकक्षतेचे अर्ज पहिल्या महिन्यातच मार्गी लावावेत. अनिश्चितता जितकी लांबते तितकी चिंता वाढते. दुसरी म्हणजे एक ओळखीचा प्राध्यापक. विभागातील एका तरी शिक्षकाला भेटून आपली अडचण सांगावी. तिसरी म्हणजे वाटून घेणे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या धाकट्या विद्यार्थ्यांना अर्ज, शिष्यवृत्ती, व्हिसा यांविषयी मार्गदर्शन केल्यास मिळवलेला अनुभव वाया गेला नाही असे वाटते. पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, कनिष्ठ महाविद्यालये आहेत. तिथे एका दुपारी जाऊन बोलणारी आपल्याच तालुक्यातील मुलगी शंभर पुस्तकांचे काम करील, आणि बोलता बोलता तिचे स्वतःचे मनही सावरेल.

केव्हा सावध व्हावे?

साधारणपणे दोन-चार महिन्यांत मन सावरू लागते. एखादा दिवस वाईट गेला म्हणून घाबरू नये. मात्र पुढील चिन्हे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली, तर वाट पाहू नये :

• सतत उदासी, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत रस न उरणे
• झोप आणि भूक यांत मोठा बदल, वजन घटणे किंवा वाढणे
• वर्गात जाणे बंद करणे, मित्रांचे फोन न घेणे, खोलीबाहेर न येणे
• मद्य किंवा अन्य नशेचा आधार घेणे
• ‘माझा काही उपयोग नाही’ अशी भाषा

मरणाचा उल्लेख एकदा जरी आला, तरी दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची, आणि तोवर त्याला एकटे सोडायचे नाही. थेट विचारल्याने असे विचार वाढतात हा गैरसमज आहे. शांतपणे विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक 14416 आहे. ही सेवा मोफत असून दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. ताप आल्यावर आपण लाजत नाही. इथेही लाजण्याचे कारण नाही.

आणि आपली स्वतःची काळजी

शेवटी एक गोष्ट आपल्याविषयी. नातवंड येणार म्हणून आठवडाभर राबणारी आजी रक्तदाबाची गोळी विसरते. ते गप्प आहे म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या आजोबांची साखर वाढते. आपल्या गोळ्या, आपले फिरणे, आपली झोप चुकवू नये. त्याच्या उदासीचे खापर स्वतःवर फोडू नये. ‘आपल्या घरात काय कमी होते’ हा प्रश्न मनात आला, तर त्याचे उत्तर सरळ आहे : काहीच कमी नव्हते. त्याचे जग मोठे झाले आहे, आणि मोठ्या झालेल्या जगाला जुन्या घरात जागा करून घ्यायला थोडा वेळ लागतो.

आरंभी पाहिलेल्या त्या घरात पुन्हा डोकावू. पोळ्याचा दिवस आहे. बैलांना न्हाऊ-माखू घालून अंगणात आणले आहे. आजी नातीला बैलांना ओवाळायला बोलावते. पण आग्रह करत नाही. नात येते, ताट हातात घेते आणि ओवाळून झाल्यावर पायरीवर आजीजवळ बसते. “तिकडे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा,” ती आपणहून सांगू लागते. आजी पुरणपोळीचे काम सुनेवर सोपवते आणि ऐकत बसते. त्या दिवशी घरात एवढेच घडते, आणि तेवढे पुरे असते.